लग्न न झालेले आई-वडील दोन वेगळ्या राज्यांत: मुलीला भेटण्याचा हक्क कुठे आणि कसा मागावा?

पुणेकर बाबा (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात नोकरी करतो. माझी मुलगी चार वर्षांची असून ती तिच्या आईबरोबर बेंगळुरूला राहते. आम्ही दोघांनी लग्न केलेले नव्हते. काही वर्षे पुण्यात एकत्र राहत होतो आणि मुलीचा जन्म त्याच काळातला आहे. जन्मदाखल्यावर वडील म्हणून माझे नाव आहे. पुढे आमचे पटेनासे झाले, तिला बेंगळुरूला चांगली नोकरी मिळाली आणि मला कल्पना देऊनच ती मुलीसह तिकडे गेली. या गोष्टीला आता वर्षाहून अधिक काळ लोटला असून मुलगी तिथल्याच बालवाडीत जाते.

सुरुवातीला मी अधूनमधून भेटायला जात असे आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आमचे बोलणे होत असे. हळूहळू कॉल उचलणे कमी झाले, आणि अलीकडे तर तिने स्पष्टच कळवले की आपले लग्न झालेले नसल्यामुळे मुलीवर तुझा कायद्याने कोणताही हक्क नाही, आणि यापुढे भेटायचे असेल तर न्यायालयातून हुकूम घेऊन ये. मुलीच्या खर्चासाठी मी दरमहा बँकेतून पैसे पाठवतो आणि ते आजही चालू आहे.

मुलीला आईपासून तोडावे असे माझ्या मनात मुळीच नाही. मला तिला नियमितपणे भेटता यावे, तिच्याशी बोलता यावे आणि पुढे ती जरा मोठी झाल्यावर सुट्टीत तिला काही दिवस पुण्याला आणता यावे, एवढेच मला हवे आहे. लग्न न झालेल्या वडिलांना असा अर्ज करता येतो का, आणि येत असल्यास तो पुण्याच्या न्यायालयात करावा की बेंगळुरूच्या? भेट मिळेपर्यंत पैसे थांबवावेत, असा सल्ला मला काही मित्रांनी दिला आहे; त्याविषयीही जाणकारांचे मत हवे आहे.

वकिली चष्मा

कौटुंबिक न्यायालयात बरीच वर्षे वकिली करत असल्याने आपल्यासारखी प्रकरणे पाहिली आहेत. आपण दोघेही हिंदू आहात असे गृहीत धरून लिहितो. बौद्ध, जैन आणि शीख यांनाही हाच कायदा लागू होतो. धर्म वेगळा असल्यास पहिल्या मुद्द्याचा तपशील बदलेल, पुढचे बहुतेक सगळे तसेच राहील.

मुलीच्या आईचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या कलम ६(ब) नुसार विवाहाबाहेर जन्मलेल्या अपत्याची नैसर्गिक पालक प्रथम आई असते आणि तिच्यानंतर वडील. म्हणजे पालकत्वाच्या रांगेत आपण दुसरे आहात. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ‘एबीसी विरुद्ध राज्य (दिल्ली)’ या निकालात तर अविवाहित आईला वडिलांचे नाव उघड न करता आणि त्यांना नोटीस न देता पालकत्वाचा अर्ज करता येतो, असे ठरवले. त्या प्रकरणातील वडिलांनी मुलाकडे कधी लक्षच दिलेले नव्हते, हा फरक मात्र ध्यानात ठेवावा. जन्मदाखल्यावर नाव असलेला, दरमहा खर्च पाठवणारा आणि भेटायला जाणारा बाप त्या चौकटीत सहजासहजी बसत नाही.

चुकीचा भाग असा की नैसर्गिक पालक कोण, हा एक प्रश्न झाला आणि मुलीने वडिलांना भेटावे की नाही, हा त्याहून वेगळा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न्यायालय मुलीचे हित पाहून देते. त्याच १९५६ च्या कायद्याचे कलम १३ मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च विचार मानते. पालक व पाल्य अधिनियम, १८९० याच्या कलम ८ नुसार नातेवाईकालासुद्धा अर्ज करता येतो, आणि त्याच कायद्याच्या कलम १२ खाली अर्ज प्रलंबित असताना मुलाच्या तात्पुरत्या ताब्याबद्दल न्यायालय अंतरिम हुकूम देऊ शकते. भेटीचे हुकूम बहुधा याच टप्प्यावर मिळतात. तेव्हा आपल्या मूळ अर्जाबरोबरच अंतरिम भेटीचा अर्ज दाखल झाला पाहिजे. मूळ अर्जाचा निकाल लागायला वेळ लागतो, आणि चार वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात तेवढा खंड पडला तर नाते नव्याने जोडावे लागते.

आता न्यायालय कोणते, याविषयी. १८९० च्या कायद्याचे कलम ९ म्हणते की अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालील) मूल जिथे सामान्यतः राहते त्या ठिकाणच्या न्यायालयाकडे अर्ज करावा. आपण कुठे राहता, मुलगी कुठे जन्मली किंवा आपण तिघे पूर्वी कुठे राहत होतात, याने अधिकारक्षेत्र ठरत नाही. ‘सामान्यतः राहते’ म्हणजे काय, हे मुख्यतः वस्तुस्थितीवरून ठरवायचे असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या रुची माजू प्रकरणात स्पष्ट केले आहे. एखाद्याने मुलाला चार दिवसांपूर्वी गुपचूप दुसऱ्या राज्यात नेले असते, तर जुन्या ठिकाणाच्या बाजूने युक्तिवाद करता आला असता. आपल्या बाबतीत मुलगी आपल्या माहितीने गेली, वर्षाहून अधिक काळ तिथे आहे आणि तिथल्याच बालवाडीत जाते. त्यामुळे बेंगळुरूच्या कौटुंबिक न्यायालयातच अर्ज करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्यात अर्ज केल्यास पहिला आक्षेप अधिकारक्षेत्राचाच येईल, त्यावरच कित्येक तारखा पडतील आणि शेवटी अर्ज परत घेऊन तिकडे जावे लागेल.

अर्जात काय मागावे, याला मी कायद्याच्या कलमांइतकेच महत्त्व देतो. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू प्रकरणात भेटीच्या हक्काबरोबर संपर्काच्या हक्काचाही विचार केला, आणि तोही विशेषतः आई-वडील वेगळ्या राज्यांत किंवा वेगळ्या देशांत राहत असतील तेव्हाचा. ताबा नसलेल्या पालकाला, काही विशेष अडचण नसेल तर, रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता आले पाहिजे आणि त्यासाठी व्हिडिओ कॉल हा सर्वांत चांगला मार्ग आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. त्या प्रकरणातील आई-वडील विवाहित होते हे खरे; परंतु न्यायालयाने तिथे मुलाच्या गरजेचा विचार केला आहे, आणि ती गरज आई-वडिलांच्या लग्नाच्या दाखल्यावर अवलंबून नसते. हा निकाल आपल्या अर्जात आवर्जून उद्धृत करावा.

पैसे थांबवण्याचा सल्ला देणाऱ्या मित्रांचे याबाबतीत तरी ऐकू नये. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ याचे कलम २० आई आणि वडील या दोघांवरही औरस-अनौरस असा भेद न करता मुलाच्या निर्वाहाची जबाबदारी टाकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालीही अनौरस मुलासाठी निर्वाह मागता येतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ ते हेच. निर्वाह हा भेटीचा मोबदला नव्हे. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी, दरमहा न चुकता गेलेल्या रकमेचा बँकेचा उतारा हा आपल्या हातातला सर्वांत बोलका पुरावा आहे. तो स्वतःच्या हाताने का खराब करावा?

रोखठोक

वकील साहेबांनी सगळा लांबचा रस्ता दाखवला. मुलगी आईने अडवून ठेवली आहे, तर उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसची, म्हणजे अडवलेल्या व्यक्तीला न्यायालयासमोर हजर करायला लावणारी, याचिका करावी. काही आठवड्यांत मुलगी न्यायालयासमोर हजर होते. दुसरे असे की, जन्मदाखल्यावर नाव असलेल्या बापाने मुलीला शाळेतून घरी आणले तर ते अपहरण होत नाही, असा अपवाद खुद्द कायद्यातच आहे. तो वाचून पाहावा.

वकिली चष्मा

दोन्ही सल्ले धोकादायक असल्याने सविस्तर उत्तर देतो.

हेबिअस कॉर्पस याचिका मुलाच्या ताब्यासाठी मुळीच चालत नाही असे नाही, परंतु त्यासाठी मूल बेकायदा ताब्यात आहे हे दाखवावे लागते. २०१९ च्या तेजस्विनी गौड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच मर्यादा सांगितली आहे. एरवी योग्य मार्ग पालक व पाल्य कायद्याचाच. इथे मुलगी जिच्याजवळ आहे ती कायद्याने तिची पहिली नैसर्गिक पालक आहे. तिचा ताबा बेकायदा कसा म्हणणार? शिवाय प्रश्नकर्त्यांना ताबा नकोच आहे, त्यांना भेट हवी आहे.

अपवादाबद्दल बोलायचे तर तो खरोखरच कायद्यात आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ मध्ये, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३६१ मध्ये, जी व्यक्ती सद्भावनेने स्वतःला अनौरस मुलाचा बाप समजते तिच्या कृत्याला कायदेशीर पालकत्वातून अपहरणाची व्याख्या लागू होत नाही, असे म्हटले आहे. हेतू अनैतिक किंवा बेकायदा नसावा, ही त्यातली अट आहे. तथापि हा फौजदारी खटल्यातला बचाव आहे, मुलीला उचलून आणण्याचा परवाना नव्हे. तक्रार झाली की आधी पोलीस ठाणे, मग बचाव. आणि कौटुंबिक न्यायालयात काय होईल? ज्या बापाने चार वर्षांच्या मुलीला आईला न सांगता बालवाडीतून परराज्यात नेले, त्याला मुक्कामी भेट द्यायला कोणताही न्यायाधीश तयार होणार नाही. पुढची कित्येक वर्षे त्याच्या भेटी देखरेखीखाली होतील. एका दुपारच्या धाडसासाठी ही किंमत फार मोठी आहे.

मायलेकरं

मी याच परिस्थितीतली आई आहे. मुलगा आणि मी महाराष्ट्रात राहतो, त्याचे वडील गुजरातमध्ये. आमचेही लग्न झालेले नव्हते. कायद्याचे वर झाले आहे, म्हणून मी फक्त दुसऱ्या बाजूने काय दिसते ते लिहिते. आपल्या मुलीच्या आईचे वागणे योग्य आहे असे माझे म्हणणे नाही.

नोकरी, स्वयंपाक आणि पेंगुळलेले मूल अशा वेळी ठरल्यापेक्षा उशिरा फोन वाजतो, आणि पलीकडून ‘आज बाबांशी बोलत का नाहीस?’ असा प्रश्न येतो, तेव्हा तो प्रश्न मुलाला असला तरी आरोप आईवर असतो. आमच्याकडे मुलगा फोन पाण्याच्या पिंपाला टेकवून ठेवी आणि दोन वाक्यांनंतर गाडी घेऊन दुसऱ्या खोलीत निघून जाई. वडील बिचारे रिकाम्या भिंतीकडे बघत बसत. त्यावरून आमची भांडणे झाली. न्यायालयातल्या समुपदेशक बाईंनी त्यांना सुचवले की प्रश्न विचारणे सोडा आणि कॅमेऱ्यासमोर काहीतरी करा. त्यांनी कागदावर चित्र काढायला सुरुवात केली: रोज एक प्राणी, तोही अर्धाच. शेपूट कुठली लावायची, हे मुलाने सांगायचे. हत्तीला मांजराची शेपूट लागली त्या दिवसापासून मुलगा स्वतःच फोन कधी येणार म्हणून विचारू लागला.

दुसरी गोष्ट सुट्टीची. एवढ्या लहान मुलीला परराज्यात मुक्कामी पाठवायचे म्हटले की कोणतीही आई घाबरते, आणि त्यातही लग्न नसेल तर ‘परत पाठवले नाही तर मी कुठे जाऊ?’ ही भीती अधिक असते. मला ती भीती होती. आपण पहिल्याच अर्जात सुट्टीतला पुण्याचा मुक्काम मागितलात, तर बाकीच्या सगळ्या मागण्यांकडे ती याच भीतीतून पाहील. आधी तिच्या शहरात दिवसाच्या भेटी, मग तिथेच एका रात्रीचा मुक्काम, आणि ते सुरळीत झाल्यावर पुणे, असा क्रम असावा. आमच्याकडे तसेच झाले, आणि आता मुलगा दिवाळीच्या सुट्टीत वडिलांकडे जातो.

पुणेकर बाबा

सर्वांचे मनापासून आभार. रोखठोक यांचा हेतू चांगला असेल, परंतु तो मार्ग मी घेणार नाही. मायलेकरं यांनी लिहिलेला क्रम मला पटला. व्हिडिओ कॉलवर मीही मुलीला बहुतेक प्रश्नच विचारत असे.

वकील साहेबांना आणखी थोडे विचारतो. बेंगळुरूला अर्ज केल्यास प्रत्येक तारखेला मला तिकडे जावे लागेल का? प्रकरण पुण्याला वर्ग करून घेता येते, असे कुणीतरी सांगितले, ते खरे आहे का? आणि समजा न्यायालयात आमच्यात तडजोड झाली, तर तिच्या अटींमध्ये नेमके काय असावे, आणि ती अट तिने पुढे पाळली नाही तर काय?

वकिली चष्मा

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात प्रकरण वर्ग करण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयाला आहे. अशा अर्जांत सामान्यतः लहान मूल सांभाळणाऱ्या आईची सोय पाहिली जाते, त्यामुळे आपण त्या वाटेला जाऊ नये. प्रत्येक तारखेला जाण्याची मात्र गरज पडू नये. नुसत्या पुढच्या तारखा पडणार असतील, तिथे दूरदृश्य प्रणालीद्वारे हजर राहण्याची परवानगी मागावी. समुपदेशनाला आणि अंतरिम अर्जाच्या सुनावणीला मात्र स्वतः जावे, आणि शक्यतो त्याच दिवसाला किंवा त्याच्या पुढच्या शनिवार-रविवारला जोडून मुलीची भेट मागावी. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ याच्या कलम ९ नुसार समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य असल्यामुळे समुपदेशनाचा टप्पा येईलच. ज्या पालकाला भेट हवी आहे, तोच समुपदेशकासमोर गैरहजर राहिला, तर त्याच्या अर्जाकडे कुणी गांभीर्याने पाहत नाही.

पहिल्या भेटी बहुधा न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या खोलीत किंवा एखाद्या सार्वजनिक ठिकाणी होतात, आणि त्या वेळी मुलगी आईला चिकटून बसण्याची शक्यता आहे. आपण घाई करू नये. मुलीच्या ओळखीचे एखादे जुने खेळणे आपल्याकडे राहिले असेल तर ते न्यावे. नव्या महागड्या वस्तूंचा ढीग नेऊ नये, कारण तो समुपदेशकाच्या अहवालात आपल्या बाजूने लिहिला जात नाही.

तडजोडीच्या अटींविषयी. ‘वडिलांना वाजवी भेट देण्यात येईल’ असे एक वाक्य लिहून दोन्ही पक्ष सही करतात आणि पहिल्याच महिन्यात भांडण होते, हा नेहमीचा अनुभव आहे. तेव्हा अटी कंटाळवाण्या वाटतील इतक्या तपशिलात लिहाव्यात. कॉलचे वार आणि वेळ, मुलगी आजारी असल्यास बदली वेळ कोणती, कोणत्या शनिवार-रविवारी भेट, मुलीला कुठे सोडायचे आणि कुठून परत घ्यायचे, येणार असल्याचे किती दिवस आधी लेखी कळवायचे, प्रवासाचा खर्च कोणाचा, शाळेची प्रगतिपत्रके आणि डॉक्टरांचे कागद वडिलांना पाहता येतील का, हे सगळे त्यात यावे. दोन्ही राज्यांतल्या शाळांच्या सुट्ट्या सारख्या नसतात, म्हणून सुट्टीचे दिवस नेहमी मुलीच्या शाळेच्या वेळापत्रकाशी बांधावेत. मुक्कामी भेट कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या अटी पूर्ण झाल्यावर सुरू होईल, हेही आत्ताच लिहून ठेवता येते. मायलेकरं यांनी सुचवलेला क्रम मी जसाच्या तसा घालीन. मुलीला परराज्यात नेताना परतीचे आरक्षण आईला आधी पाठवण्याची अट आपण होऊन स्वीकारावी. त्याने आपले काहीच जात नाही, आणि आईची मुख्य भीती तिथेच कमी होते.

अट मोडल्यास ज्या न्यायालयाने हुकूम दिला त्याच न्यायालयात अंमलबजावणीचा अर्ज करावा लागतो, आणि हेतुपुरस्सर अवमान झाला असेल तर अवमानाची कारवाईही मागता येते. १८९० च्या कायद्यात अंतरिम आदेशानुसार मूल हजर न केल्यास दंडाची तरतूद आहे; पण त्या दंडाची कमाल रक्कम आजही शंभर रुपये आहे आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला दहा रुपये, त्यामुळे त्याचा धाक कुणालाही वाटत नाही. दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूद त्याच कलमात असली तरी लहान मुलीच्या आईविरुद्ध तिचा वापर न्यायालये सहसा करत नाहीत, आणि तो आपल्यालाही नको असेल. प्रत्यक्षात उपयोगी पडते ती दुसरी गोष्ट: ताब्याचे आणि भेटीचे हुकूम कायमचे नसतात. परिस्थिती बदलली की ते बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या रोझी जेकब प्रकरणापासून सांगितले आहे. भेटी वारंवार मोडल्याची तारीखवार नोंद आपल्याकडे असेल, तर बुडलेल्या भेटींच्या बदल्यात सुट्टीतले जास्त दिवस मागता येतात आणि ते मिळण्याची शक्यताही असते.

कागदपत्रांमध्ये जन्मदाखला, बँकेचे उतारे, आतापर्यंतच्या प्रवासाची तिकिटे आणि आपल्या दोघांमधले संदेश सुरुवातीपासून, मधले न वगळता, जोडावेत. आपल्याला गैरसोयीचे वाटणारे संदेश गाळले, तर ते समोरचा पक्ष सादर करतोच. आणि अर्ज दाखल करण्यापूर्वी तिथल्या वकिलामार्फत एक सभ्य पत्र पाठवून तडजोडीची तयारी दाखवावी. कोणती मुदत द्यायची ते त्यांना विचारून ठरवावे, पण ती पंधरा दिवसांहून जास्त नसावी, म्हणजे उन्हाळी सुट्टीआधी अंतरिम अर्ज सुनावणीला येऊ शकेल.